कारवीचं नाव आणि मधमाशीची साक्ष

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गणपती गावाला गेले, पितृपंधरवडा लागला की सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस जरा दम खातो. खाली देशावर तोवर ऊन पडलेलं असतं, पण महाबळेश्वर, कोयना, भीमाशंकर या पट्ट्यात अजून धुकं रेंगाळत असतं. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. आपल्याला हे चार महिने भजी आणि चहाचे वाटतात. मधमाशीला ते उपासमारीचे असतात. पावसात उडता येत नाही. उडता आलं तरी फुलात मकरंद राहत नाही, पराग भिजून चिकट झालेला असतो. उन्हाळ्यात साठवलेला मध माणसानं काढून नेलेला असतो. राहिलेल्या थोड्या साठ्यावर वसाहत कशीबशी तग धरते. पाळलेल्या माश्या असतील तर मधपाळ त्यांना साखरेचा पाक पाजतो. रानातल्या मोहोळाला कोण पाजणार?

म्हणून भाद्रपद-आश्विनात डोंगरावर जे फुलतं, त्यावर त्या वसाहतीचं पुढचं वर्ष अवलंबून असतं. आपली सातेरी माशी पोळ्यापासून साधारण एक-दीड किलोमीटरच्या आत फिरते. तेवढ्या वर्तुळात तिला पराग मिळाला तर राणी पुन्हा जोमानं अंडी घालू लागते, नव्या कामकरी माश्या तयार होतात, आणि उन्हाळ्यात गेळा, हिरडा, जांभूळ फुलेपर्यंत घर टिकून राहतं. नाही मिळाला तर फेब्रुवारीत पेटी उघडल्यावर आत मूठभर माश्या आणि रिकामी पोळी दिसतात. बाजारात आपण जो मध घेतो तो बहुतेक उन्हाळ्याचा असतो. त्या मधाची तयारी मात्र सरत्या पावसातल्या फुलांनी करून ठेवलेली असते.

ही फुलं कोणती, हे कुणाला कसं कळलं, याची गोष्ट मला आज सांगायची आहे. मी वनस्पतिशास्त्राचा माणूस नव्हे. बी. ए. झालो, कविता लिहितो, त्यामुळे मला आधी शब्द दिसतो आणि मग फूल. आमच्या घरात बोलणं दखनीत चालायचं. मधाला शहद म्हणायचे, साखरेला शक्कर. पण तेरडा, कुर्डू, सोनकी, कारवी ही नावं मला मराठीतच ठाऊक आहेत. त्यांना दुसऱ्या भाषेत काय म्हणतात ते आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. फुलाचं नाव आपण ज्या मातीत ते पाहतो त्या मातीकडून घेतो.

सुरुवात कारवीपासून करायला हवी, कारण या डोंगरांवरच्या उशिरा फुलणाऱ्या फुलांत तीच सगळ्यांत मोठी. मोठी म्हणजे आकारानं नव्हे, परिणामानं. कारवीचं झुडूप माणसाच्या उंचीचं, कधी त्याहून उंच. पानं लांबट, कडा दातेरी, हात फिरवला तर खरखरीत. घाटाच्या उतारांवर ती एकटीदुकटी नसते, पट्टेच्या पट्टे असतात, आणि उतारावरची माती धरून ठेवण्याचं काम तिच्या मुळ्या करतात. एरवी सहा-सात वर्षं तिच्याकडे कुणी बघत नाही. मग एका वर्षी ऑगस्टच्या शेवटापासून तिला कळ्यांची कणसं धरतात, आणि उतारच्या उतार निळे-जांभळे होतात. त्यानंतर ती झुडपं मरतात. सगळी, एकदम. पुढच्या उन्हाळ्यात डोंगरावर नुसत्या वाळक्या काठ्या उभ्या दिसतात. बोंडं तशीच काठीवर वाळून राहतात आणि पहिल्या पावसाचा ओलावा लागला की तडतड आवाज करत फुटतात. बी उडून पडतं आणि नव्या पिढीची वर्षं मोजणं सुरू होतं.

लोक सात वर्षं म्हणतात, शास्त्रज्ञांच्या नोंदी बहुतेक ठिकाणी आठ सांगतात. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००८ मध्ये कारवी फुलली होती, नंतर २०१६ मध्ये. प्रत्येक डोंगराचं वर्ष वेगळं असतं. म्हणजे एका खोऱ्यात कारवीची लूट चाललेली असताना शेजारच्या खोऱ्यात नुसती हिरवी पानं असू शकतात. दक्षिणेत निलगिरीवर तिची बहीण कुरिंजी बारा वर्षांनी फुलते. २००६ मध्ये फुलली, २०१८ मध्ये फुलली. ती पाहायला आगगाड्या भरून लोक जातात. आमच्या कारवीला इतका मान कधी मिळाला नाही. तिचा उपयोग मात्र भरपूर झाला. कोकणात आणि मावळात घराच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या कुडाच्या असत. काठ्या उभ्या लावायच्या, वेलीनं किंवा काथ्यानं बांधायच्या, वरून शेणमातीचा गिलावा. गरिबाचं अर्धं घर म्हणजे कारवीच होती.

त्यामुळे डोंगरातल्या माणसाला कारवी ओळखायला कुणी शिकवावं लागलं नाही. महादेव कोळी, धनगर, कुणबी यांना तिचं वर्ष माहीत असे, कारण ते मधाचंही वर्ष असे. कारवीचा मध दाट आणि गडद असतो. मोहोळ काढणाऱ्याला चवीवरून आणि रंगावरून कळतं की माशी कुठे जाऊन आली. कुरआनातल्या सोळाव्या अध्यायाचं नावच 'अन्-नहल' म्हणजे मधमाशी असं आहे, आणि तिच्या पोटातून वेगवेगळ्या रंगांचं पेय निघतं असा तिथे उल्लेख आहे. हे रंग कशाचे, याचं उत्तर कारवीच्या रानात मोहोळ काढणाऱ्यानं कधीच दिलं असतं. ते रंग फुलांचे. जांभळाचा मध थोडा तुरट-कडवट, कारवीचा काळसर. हे ज्ञान तोंडी होतं, आणि ते काठी, मोहोळ, धूर अशा कामांना बांधलेलं होतं. ते लिहून ठेवायचं कारण त्या माणसांना पडलं नाही.

लिहिणारे आले ते दुसरे, आणि त्यांची गोष्टही मोठी गमतीची आहे.

कारवीला पहिलं शास्त्रीय नाव दिलं ते नीस फॉन एझेनबेक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं, १८३२ मध्ये. हा गृहस्थ हिंदुस्थानात कधीच आला नाही. इथून गेलेले वाळवलेले नमुने समोर ठेवून त्यानं वर्णन लिहिलं आणि नाव ठेवलं 'स्ट्रोबिलँथिस कॅलोसा'. स्ट्रोबिलस म्हणजे सुचीच्या झाडाला येतं तसं शंकूसारखं फळ, अँथस म्हणजे फूल. एकावर एक चढलेल्या पानुल्यांतून डोकावणारी कारवीची फुलं पाहिली की हे नाव पटतं. कॅलोसा म्हणजे घट्टे पडलेली. हे मात्र मला एखाद्या कष्टकरी बाईचं वर्णन वाटतं.

मग १८३९ मध्ये मुंबईत जॉन ग्रॅहम यांनी मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची सूची केली. हे ग्रॅहम पेशानं टपाल खात्यातले, मुंबईचे उपमहाडाकपाल. टपालाचा माणूस पत्ते नीट लिहितो, तसे त्यांनी झाडांचे पत्ते लिहिले. कोणतं झाड कुठे, कोणत्या घाटात. पुस्तक छापून पूर्ण व्हायच्या आत त्यांचा खंडाळ्याला मृत्यू झाला, आणि राहिलेलं काम निम्मो नावाच्या त्यांच्या मित्रानं पुरं केलं. पावसाळ्याच्या शेवटी कास पठारापासून सिंहगडापर्यंत पिवळी चादर घालणारी जी सोनकी, तिच्या जुन्या शास्त्रीय नावात ग्रॅहम हेच नाव गुंफलेलं होतं. पुढे नियमांच्या काटेकोरपणात ते गेलं, आणि आता तिच्या नावात मुंबई आहे. एकूण सोनकीचा पत्ता बदलला नाही, फक्त माणूस गेला.

ग्रॅहमनंतर गिब्सन आणि डाल्झेल. अलेक्झांडर गिब्सन हे डॉक्टर, दापोडीच्या सरकारी बागेचे प्रमुख, आणि १८४७ पासून मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक. डाल्झेल हे त्यांच्यानंतर त्या जागेवर आले. दोघांनी मिळून १८६१ मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ काढला. पण ज्याच्याशिवाय आजही महाराष्ट्रातला वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी रानात जात नाही तो ग्रंथ थिओडोर कुक यांचा, १९०१ ते १९०८ या काळात भागाभागानं प्रसिद्ध झालेला. कुक अभियंता होते. वसईच्या खाडीवरचा रेल्वेचा लोखंडी पूल त्यांच्या हातचा. १८६५ पासून १८९३ पर्यंत ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पूल बांधणाऱ्या माणसानं निवृत्तीनंतर लंडनला क्यूच्या उद्यानात बसून सह्याद्रीतल्या गवताच्या पात्यांची वर्णनं लिहिली. अशा माणसांचं मला कौतुक वाटतं, मग ते कोणत्याही सरकारचे असोत.

कुकचा ग्रंथ वाचताना माझं लक्ष दोन गोष्टींकडे गेलं. एक म्हणजे झाडाच्या वर्णनाखाली त्यांनी देशी नावं दिली आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे नमुना कुठे सापडला हे लिहिताना शेजारी गोळा करणाऱ्याचं नाव येतं. त्यात साहेबांची नावं आहेत, एक कानिटकर आहेत, आणि एक नुसता भिवा आहे. भिवा कुणाचा कोण, आडनाव काय, गाव कोणतं, काही नाही. पण तो डोंगर-दऱ्या हिंडला, फुलं खुडली, दाबून वाळवली आणि साहेबाच्या टेबलावर पोचवली. त्या काळातल्या शेकडो भिवांपैकी एकाचं नाव तरी छापलं गेलं, हेही थोडं नव्हे.

एवढ्या सगळ्या ग्रंथांत फूल कसं ओळखावं ते आहे. पाकळ्या किती, पुंकेसर किती, फळ कसं उकलतं, सगळं आहे. पण त्या फुलावर माशी बसते का, बसली तर काय नेते, हे नाही. त्यांना त्याची गरज नव्हती. वनखात्याला लाकूड हवं होतं, बागांना औषधी हव्या होत्या, क्यूला नमुने हवे होते. मध हा रानातल्या किरकोळ उत्पन्नात जमा होता. माशीच्या बाजूनं फुलांकडे पाहायला आणखी पन्नास वर्षं जावी लागली.

ते पाहणं सुरू झालं ते खादीच्या वाटेनं. १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकारानं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, वर्ध्याला मगनवाडीत त्याचं काम चाले. तेलघाणी, हातकागद, गूळ यांच्या जोडीला मधमाशीपालनही होतं. गांधीविचारात ते चपखल बसत होतं. मोहोळ पिळून, अंडी-पिलांसकट चिरडून काढलेला मध हिंसेचा होता. चौकटींच्या पेटीतला, यंत्रानं फिरवून काढलेला मध पोळं आणि पिलं शाबूत ठेवणारा होता. अमेरिकेत लँगस्ट्रॉथनं १८५१ मध्ये चौकटींची पेटी सिद्ध केली होती. ती आपल्या लहान चणीच्या सातेरीच्या मापाची करून घ्यावी लागली. सातेरीचं नावच सांगतं की ती अंधाऱ्या ढोलीत एकाशेजारी एक सात पोळी बांधते. आग्या माशी उघड्यावर एकच मोठं पोळं लटकवते, तिला पेटीत कोंडता येत नाही. फुलोरीचंही तेच.

स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबई प्रांताच्या ग्रामोद्योग समितीनं महाबळेश्वरच्या परिसरात हे काम हाती घेतलं. खेड्यापाड्यांत पेट्या गेल्या. जमीन थोडी, पाऊस फार, नाचणी-वरीवर पोट भरत नाही, अशा कुटुंबांना पाच-दहा पेट्या म्हणजे मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च. सातेरीची एक पेटी वर्षाला साधारण पाच-दहा किलो मध देते. पण पेट्या ठेवायच्या कुठे? एका जागी भरतात, दुसऱ्या जागी रिकाम्या राहतात, असं का? याचं उत्तर फुलांत होतं, आणि त्यासाठी कोणती फुलं खरोखर मधाची हे ठरवायला हवं होतं. माशी शंभर फुलांवर बसते. मध त्यातल्या दहांचा असतो.

महाबळेश्वरला त्यासाठी एक छोटी प्रयोगशाळा निघाली, आणि १९५३ मध्ये डॉ. जी. बी. देवडीकर व सी. व्ही. ठकार यांनी महाबळेश्वरच्या डोंगरांतल्या मुख्य मधदायी वनस्पतींच्या परागकणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पानं थोडीच, पण माझ्या दृष्टीनं तो या गोष्टीतला कळसाचा दगड आहे. पद्धत समजायला सोपी आहे. माशी मकरंद आणते तेव्हा त्याबरोबर त्या फुलाचे परागकणही पोळ्यात येतात आणि मधात राहतात. मध पाण्यात पातळ करायचा, यंत्रात गरगर फिरवायचा, तळाशी बसलेला साका काचेच्या पट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. प्रत्येक वनस्पतीच्या परागकणाचा घाट वेगळा असतो. कुणाचा काटेरी चेंडू, कुणाचा गुळगुळीत दाणा, कुणाच्या अंगावर उभ्या रेघा आणि कंगोरे. माशी कुठे गेली होती ते ती स्वतःच लिहून आणते. अर्थात ही साक्षही उलटतपासणीशिवाय घेता येत नाही. काही फुलांचे कण बारीक, ते मधात भरमसाट सापडतात. काहींचे मोठे, ते कमी उतरतात. नुसती मोजदाद करून चालत नाही, झाडांचा अदमास असावा लागतो.

आता गंमत अशी की, मधातला कण कुणाचा हे ठरवायला आधी ओळखीच्या फुलाचा पराग घेऊन नमुन्याची पट्टी तयार करावी लागते. फुलाचं नाव पक्कं हवं. ते पक्कं करायला कुकचा ग्रंथ उघडावा लागतो. आणि ते फूल कुठल्या कड्याखाली, कोणत्या महिन्यात मिळेल हे विचारायला गावातल्या माणसाकडे जावं लागतं, कारण त्यालाच कारवी कुठली आणि व्हायटी कुठली हे लांबून कळतं. त्या एवढ्याशा काचेवर टपालखात्यातला साहेब, पूल बांधणारा प्राचार्य, भिवा आणि मोहोळ काढणारा कोळी सगळे एकत्र आले. १९६२ मध्ये पुण्याला खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था सुरू झाली, आणि हे काम मोठ्या प्रमाणावर होऊ लागलं.

परागाच्या कणानं आणखी एक उलथापालथ केली, ती माझ्या आवडीची. १९४४ मध्ये ब्रेमेकाम्प नावाच्या डच वनस्पतिशास्त्रज्ञानं कारवीच्या सगळ्या गोतावळ्याची फेरमांडणी केली. या कुळात परागकणांचे आकार इतके नाना परींचे आहेत की त्यावर भर देऊन त्यानं एका प्रजातीच्या कितीतरी प्रजाती केल्या. त्यात कारवीला वेगळं घर मिळालं, आणि त्याचं नाव त्यानं ठेवलं 'कार्विया'. डोंगरातल्या कुडाच्या काठीचा मराठी शब्द लॅटिन होऊन जगाच्या ग्रंथांत बसला. पुढच्या संशोधकांना ही वाटणी पटली नाही. त्यांनी बहुतेक भाऊबंद पुन्हा एकाच छपराखाली आणले, आणि कारवी परत 'स्ट्रोबिलँथिस कॅलोसा' झाली. शास्त्राच्या दृष्टीनं ते बरोबरच असेल. पण पुष्कळ जुन्या पाट्यांवर आणि पुस्तकांत अजून 'कार्विया' दिसतं, आणि ते दिसलं की मला बरं वाटतं.

कारवीच्या भावंडांत ओळखीची चूक सहज होते. टोपली कारवी कारवीपेक्षा बुटकी. तिचं झुडूप उपड्या घातलेल्या टोपलीसारखं गोल दिसतं, आणि पानांना देठ जवळजवळ नसतो. ती कडेकपारीपेक्षा उघड्या पठारावर भेटते. व्हायटीच्या फुलांचे गेंद गोलसर आणि हाताला चिकट लागतात. तिच्या शास्त्रीय नावाचा अर्थच 'चिकट डोक्याची' असा आहे. आकरा आणखी वेगळी. ही सगळी आपापल्या पाळीनं वर्षांच्या अंतरानं फुलणारी. ज्या डोंगरावर यांतल्या तीन-चार नांदतात तिथे एकीचं वर्ष हुकलं तरी दुसरीचं येतं. मधपाळाला हा हिशेब तोंडपाठ असतो.

पण यांच्यापैकी कुणाचंच वर्ष नसलं तर? तेव्हा माशीला तारतात ती दरवर्षी फुलणारी लहान फुलं, ज्यांच्याकडे आपण गवत म्हणून पाहतो. त्यांना ओळखायची एक युक्ती आहे. फुलाकडे न पाहता फुलातून बाहेर येणाऱ्या माशीकडे पाहायचं, तिला पराग अंगावर कुठे लागलाय ते. तेरड्याच्या फुलात शिरलेली माशी पाठीवर पराग माखून बाहेर येते, कारण तेरड्याचे पुंकेसर वरच्या बाजूला छतासारखे असतात. तुंब्याचं पांढरं फूलही वरून टोपी घातल्यासारखं, तिथेही पाठ किंवा डोकंच रंगतं. उलट कवला, म्हणजे लाल ठिपक्यांची ती पिवळी फुलं, घेवड्याच्या घराण्यातली. त्यांचे पुंकेसर खालच्या होडीत दडलेले, माशीच्या भारानं होडी दबते आणि पराग पोटाला लागतो. सोनकीचं एक फूल म्हणजे खरं तर अनेक बारीक फुलांची परडी. माशी त्यावर चालत फिरते आणि तिचे पाय-पोट पिवळे होतात. पिवळं म्हणून कवला आणि सोनकी लांबून सारखी वाटतात. माशीच्या अंगाकडे पाहिलं, तर पुष्कळदा फूल न खुडता ओळख पटते.

माशीला आपल्यासारखा लाल रंग दिसत नाही, पण आपल्याला न दिसणारा अतिनील दिसतो, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांनी दाखवून दिलं. फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं. त्यामुळे आपल्याला जे पठार सुंदर दिसतं तेच तिला सुंदर दिसत असेल असं नाही. कॅमेरा घेऊन गेलेला माणूस निळ्या सीतेच्या आसवांपाशी गुडघे टेकतो. ती वनस्पती कीटकभक्षी आहे म्हटल्यावर काहीजण माशीची काळजी करतात. ती नको. तिचे सापळे ओल्या मातीत, टाचणीच्या डोक्याएवढे असतात. त्यात सूक्ष्म जीव अडकतात, मधमाशी नव्हे.

शेतातलं कारळं, ज्याला काही भागांत खुरासणी म्हणतात, तेही याच वेळी फुलतं. हे पीक मूळचं हबसाणातलं, म्हणजे आजच्या इथिओपियातलं, आणि त्याच्या शास्त्रीय नावात ॲबिसिनिया आहे. कारळ्याला स्वतःच्या परागानं नीट दाणा धरत नाही. माशी आली तर बोंड भरतं. डोंगरउतारावर नाचणीशेजारी कारळ्याची दोन पट्टे लावणारा शेतकरी माशीला जेवू घालतो आणि तिच्याकडून तेलबिया भरून घेतो. बांधावरची एकदांडी तर अमेरिकेतून आलेली. तण म्हणून तिला शिव्या बसतात, पण बाकी काही नसताना तिचा पराग असतो. परदेशी म्हणून सगळंच वाईट, असं मला वाटत नाही. घाटमाथ्यावर पसरलेली रानमोडी मात्र दुसऱ्यांची जागा खाते. तिच्या दाटीत तुंबा, तेरडा, गोपाळी यांचं चालत नाही.

१९९१-९२ मध्ये दक्षिण भारतात सातेरीवर 'थाई सॅकब्रूड' नावाच्या विषाणूचा रोग आला आणि वसाहतींच्या वसाहती संपल्या. अळी पोळ्यातच पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरते. औषध नाही. पेट्याच्या पेट्या रिकाम्या पाहिलेल्या अनेकांनी धंदाच सोडला. उत्तरेत १९६०च्या दशकापासून रुजलेली युरोपी मेलिफेरा माशी मग दक्षिणेतही पसरली. ती मध कितीतरी अधिक देते. पण तिला फुलांची मोठी, सलग शेतं लागतात, मोहरी, सूर्यफूल यांसारखी, आणि तिच्या पेट्या ट्रकनं हलवाव्या लागतात. घाटमाथ्यावरच्या चार महिन्यांच्या पावसात, विखुरलेल्या फुलांवर तग धरणारी अजून सातेरीच.

मे २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. खादी व ग्रामोद्योग मंडळानं ही कल्पना पुढे नेली, आणि आता इतर जिल्ह्यांतही तशी गावं होत आहेत. त्याच्या दहा वर्षं आधी, २०१२ मध्ये, कास पठारासह पश्चिम घाटातल्या जागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. एकीकडे मधाचं गाव, दुसरीकडे फुलांचं पठार, आणि मधे रिसॉर्ट, रस्ते, स्ट्रॉबेरीची शेतं. वारशाच्या यादीत दुर्मीळ फुलांना मान आहे, तो असावाच. पण माशीचं पोट दुर्मीळ फुलांवर भरत नाही. ते भरतं तुंब्यावर, सोनकीवर, बांधाच्या कवल्यावर, उतारावरच्या कारवीवर. रस्त्याच्या कडेला गणपतीच्या आधी गवत कापण्याचं कंत्राट निघतं. बंगल्याभोवतीचा उतार 'साफ' केला जातो, बांधावर तणनाशक मारलं जातं. त्यात नेमकी हीच जातात, आणि ती कुठल्याच यादीत नसल्यामुळे कुणी तक्रार करत नाही. कारवीचं तर आणखी कठीण. फुलण्याआधीच्या सातव्या वर्षी उतार साफ केला तर बी पडतच नाही, आणि त्या जागी पुन्हा आठ वर्षांनी काही दिसेल याची खात्री राहत नाही.

मांघरसारख्या गावात आजही अशी माणसं भेटतात जी तुम्हाला बोट दाखवून सांगतात की समोरच्या धारेवर कारवीचं अमुक वर्ष, पलीकडच्या खोऱ्यात तमुक, इथे व्हायटी, तिथे आकरा. देवडीकर-ठकारांच्या काचेच्या पट्ट्यांमागे अशाच माणसांचं बोट होतं. खोऱ्याखोऱ्यातल्या या वर्षांची नोंद ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत करता येते. २००२च्या कायद्यानं तशी वही ठेवायची सोय केलेली आहे. वहीत रकाने असतात. फुलाचं स्थानिक नाव, महिना, जागा, उपयोग. उपयोगाच्या रकान्यात बहुधा औषध, लाकूड, चारा असं भरलेलं असतं. त्यात 'माशीला पराग' एवढे दोन शब्द लिहायला जागा पुरते, आणि शेजारी सांगणाऱ्याचं नावही, या वेळी आडनावासकट.